भरमाचं निपाणीचं भाडं

बेळगावजवळच्या मच्छ्यात आमच्या गल्लीच्या तोंडालाच भरमा कणबरकरचं घर आहे. तो मला गुरुजी म्हणतो, माझ्या हाताखाली कधी शिकला नसला तरी. सव्वीस वर्षं तो बेळगावच्या स्टेशनाजवळच्या स्टँडवर टॅक्सी लावतो. माणूस सरळ. व्यसन नाही, तोंडात शिवी नाही, आणि गाडी चालवताना फोन उचलायचा नाही हा त्याचा नेम. या नेमाचा त्याला भारी अभिमान. गेल्या वर्षी त्याच्या हातून जे घडलं ते त्यानं माझ्या कट्ट्यावर बसून मला सांगितलं. दोनदा सांगितलं, आणि पहिल्या वेळी जे गाळलं होतं तेही दुसऱ्या वेळी सांगितलं. म्हणून मी हे लिहू शकतो.

शहापुरात त्रिशला उपाध्ये नावाच्या बाई राहतात. हायस्कुलात गणित शिकवायच्या. त्यांचे यजमान जिनेंद्र यांचा निपाणीत तंबाखूचा व्यापार. बाईंची नोकरी बेळगावात, यजमानांची वखार निपाणीत, म्हणून संसार दोन गावांत वाटलेला. एकुलती एक लेक दिव्या आईजवळ असायची आणि दर शनिवारी शाळा सुटली की बापाकडे जायची. बाईंना शनिवारी दुपारी शाळेत थांबावं लागे. पोरीला नेणार कोण? कुणीतरी भरमाचं नाव सुचवलं. पोर तेव्हा आठ वर्षांची होती.

तेव्हापासून नऊ वर्षं, शनिवारी न्यायचं आणि रविवारी संध्याकाळी आणायचं, हे भरमाचं काम. त्याला दोन मुलगेच, लेक नाही. मागच्या सीटवर बसून पोर पाढे म्हणायची, संकेश्वर आलं की झोपायची. उन्हाच्या बाजूच्या काचेत भरमा स्वतःचा टॉवेल अडकवायचा. तवंदीच्या घाटात तिला मळमळायचं, म्हणून पुढच्या कप्प्यात लिंबू ठेवलेलं असायचं. स्टँडवर तो सांगायचा, आक्कांनी सोन्यासारखी पोरगी माझ्या हवाली केलीया आणि आजवर एका शब्दानं विचारलं न्हाय, कुठं थांबला, उशीर का झाला. दुसऱ्या ड्रायव्हरांना हे ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

दिव्या बारावी झाली, दातांची डॉक्टर व्हायला बेंगळुरूला गेली आणि ते भाडं बंद पडलं. गेल्या वर्षी ती परत आली. शहापुरात एका दवाखान्यात बसू लागली आणि मंगळवार-शुक्रवार निपाणीच्या दवाखान्यात जायचं ठरलं. दुपारी निघायचं, रात्री वडिलांकडे राहायचं, सकाळी परत. ही बातमी भरमाला कळली त्या आठवड्यात त्यानं जुनी गाडी काढून टाकली आणि तांबड्या रंगाची, थोडीच चाललेली दुसरी गाडी घेतली. नवी सीटकव्हरं घातली. शालूबाई, त्याची बायको, म्हणाली, एवढं कशाला? तो म्हणाला, डॉक्टरीण बसणार हाय गाडीत.

सोमवारी फोन आला नाही. मंगळवारी सकाळीही नाही. बारा वाजता भरमानं गाडी स्टँडवरच ठेवली आणि मित्राच्या स्कूटरवरून शहापूर गाठलं. आक्का विसरल्या असतील, आठवण करून द्यावी, असं त्यानं स्वतःला सांगितलं. गल्लीच्या तोंडाशी साडीच्या दुकानापाशी तो उभा राहिला तोच एक राखाडी गाडी आली. दिव्या घरातून बाहेर आली, फोनात बघितलं, गाडीच्या पाटीकडे बघितलं, पुन्हा फोनात बघितलं. ड्रायव्हरला काहीतरी आकडा सांगितला. मग मागं बसली. ड्रायव्हर दार उघडायला खालीसुद्धा उतरला नाही. गाडी गेली.

भरमा वर गेला. त्रिशलाबाईंनी त्याला बसवलं, चहा टाकला. त्या तशा मोकळ्या मनाच्या. अ‍ॅपवरून गाडी मागवते ती, म्हणाल्या, घरबसल्या येते. आणि कौतुकानं त्यांनी फोन त्याच्यापुढं धरला. पडद्यावर रस्त्याची निळी रेघ आणि त्यावर मुंगीएवढी गाडी. मुंगी हळूहळू सरकत होती.

"हे बघा भरमाण्णा, काकती मागं टाकली. पोचेपर्यंत मला दिसत राहतं. ड्रायव्हरचं नाव, फोटो, नंबर, सगळं आहे. पाचपैकी चार पॉइंट नऊ तारे आहेत त्याला."

भरमानं विचारलं, तारे कोण देतं? बाई म्हणाल्या, गाडीत बसणारेच देतात. तो चहा पिऊन उठला. सव्वीस वर्षांत त्याच्या गाडीला साधा ओरखडा उठला नव्हता, आणि कुणी त्याला अर्धा तारासुद्धा दिला नव्हता. परत येताना स्कूटर स्टँडपर्यंत कशी आली ते आपल्याला आठवत नाही, असं तो मला म्हणाला.

त्या फोटोतल्या पोराचं नाव साईराज. सत्तावीस-अठ्ठावीसचा, गाव नंदगड. आधी आमच्या मच्छ्याच्या इंडस्ट्रीतच एका कारखान्यात कामाला होता, मग गाडी घेतली. निपाणीचं लांबचं भाडं घेणारे अ‍ॅपवाले तीन-चारच, त्यामुळं दिव्याला बहुतेक वेळा तोच मिळायचा. भरमाला त्याच्या गाडीचा नंबर आठवड्याभरात पाठ झाला. स्टेशनसमोर ती राखाडी गाडी दिसली की याचं बोलणं तुटायचं. साईराज गाडीत कसला सेंट मारतो, पुढं मूर्ती कुठली ठेवतो, केस कसे कापतो, सगळं त्याला माहीत. मंगळवार-शुक्रवार दुपारी त्याला जेवण जायचं नाही. शालूबाई एकदा म्हणाली, पोटची लेक असल्यासारखं काय करताय? त्यावर तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

स्टँडवर त्याचा जुना जोडीदार मष्णू आहे. त्यानं समजावलं की काळ बदलला, मीही आता फोनात अ‍ॅप घालून घेणार हाय, तूही घे. भरमा म्हणाला, मी ओळखीवर धंदा केला, नंबर सांगून न्हाय केला. मष्णूनं खरंच महिन्याभरात अ‍ॅप घेतलं, आणि मग भरमाला मष्णूचाही राग येऊ लागला.

आता तो भाग, जो भरमानं पहिल्या वेळी गाळला होता.

एका रविवारी तो मुद्दाम शहापुरात गेला. त्रिशलाबाई एकट्याच होत्या. इकडचं तिकडचं बोलून तो म्हणाला की आक्का, बोलू नये पण बोलतो, तो साईराज आमच्या मच्छ्याच्या कारखान्यात होता, तिथनं त्याला हाकललंया. एका बाईशी काहीतरी लफडं केलतं, मारामारी झालती. फोटो आणि तारे बघून माणूस कळत नसतो.

यातलं काहीच खरं नव्हतं. साईराज तिथं होता आणि त्याची नोकरी गेली, एवढंच भरमाला कुणाकडून तरी कळलं होतं. बाकीचं बोलता बोलता तोंडात आलं. बाईंचा चेहरा उतरलेला त्यानं पाहिला. मला तो म्हणाला, "गुरुजी, त्या वक्ताला मला बरं वाटलं. लई दिवसांनी पोटभर जेवलो त्या राती."

त्रिशलाबाईंनी दिव्याला सांगितलं. दिव्या म्हणाली, मी इतक्यांदा गेले, तो वाकडा शब्द बोललेला नाही, आणि ऐकीव गोष्टीवर कुणाची रोजी तोडायची नसते. पण आईची झोप उडाली होती. गाडी जरा जरी रस्ता सोडून गेली, काही वेगळं वाटलं, तर विचार करत बसायचं नाही, फोनातलं ते तातडीचं बटण दाबायचं, असं आईनं तिच्याकडून कबूल करून घेतलं.

पुढच्या शुक्रवारी भरमा एका म्हाताऱ्या जोडप्याला काकतीला सोडून परत वळत होता. तेवढ्यात हायवेवरून राखाडी गाडी गेली. मागच्या काचेतून दिव्याचं डोकं दिसलं. भरमानं बेळगावकडे न वळता गाडी निपाणीच्या दिशेनं घातली. का घातली ते त्यालाही नीट सांगता येत नाही. तो म्हणतो, आधी वाटलं जरा बघू तरी कसा चालवतो. मग वाटलं, हत्तरगीच्या टोलपर्यंत जाऊ. मग टोलही मागं पडला.

साईराज गाडी चांगली चालवत होता, हे त्याला कबूल करावं लागलं. लेन सोडत नव्हता, ट्रकच्या मागं चिकटत नव्हता. याचाच भरमाला जास्त त्रास होत होता. काहीतरी चूक करावी, अशी वाट बघतच तो मागं होता. आणि संकेश्वरच्या अलीकडे राखाडी गाडीनं डावा इंडिकेटर दिला आणि हायवे सोडून ती उसाच्या रानातल्या बारक्या रस्त्याला लागली.

निपाणीला जाणाऱ्या गाडीला तिथं उतरायचं कारणच नव्हतं. आपण बाईंना जे सांगितलं ते आपणच रचलेलं आहे, हे भरमा त्या घटकेला साफ विसरला होता. त्याला ते खरंच वाटू लागलं होतं. त्यानं आपलीही गाडी तिच्यामागं घातली, लाईट मारू लागला, हॉर्नवरचा हात काढेना.

खरी गोष्ट अशी होती की दिव्याच्या दवाखान्यातल्या एका म्हातारीची कवळी तयार झाली होती. हायवेपासून तीन किलोमीटरवर तिचं गाव. म्हातारीला निपाणीपर्यंत येववत नव्हतं, म्हणून दिव्यानंच निघताना फोनात तो थांबा घातला होता आणि कवळीची डबी मांडीवर घेऊन ती बसली होती.

तिनं मागं वळून पाहिलं. दोन्ही बाजूंना माणसाच्या दुप्पट उंच ऊस, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि एक तांबडी गाडी लाईट मारत अंगावर येतीय. ही गाडी तिनं कधी पाहिली नव्हती. समोरच्या काचेवर ऊन होतं, आतला माणूस दिसत नव्हता. तिनं साईराजला विचारलं, कोण आहे? तो म्हणाला, ठाऊक न्हाय मॅडम. आईनं सांगितलेलं तिच्या मनात आलंच, आणि हा पुढचा आणि तो मागचा दोघं एकमेकांना सामील तर नसतील, हेही आलं. तिनं बटण दाबलं. पोलिसांच्या ११२ला फोन लागला, शहापुरात आईच्या फोनवर निरोप गेला.

साईराज त्या दिवशी शहाणपणानं वागला. रानात कुठंही थांबला नाही. मॅडम, दारं लॉक केल्यात, गावात जाऊन माणसांत थांबतो, एवढं बोलून तो थेट गावच्या दूध डेअरीपुढं गेला. संकलनाला अजून वेळ होता, तरी कट्ट्यावर सात-आठ माणसं बसलेली होती. तिथं त्यानं गाडी उभी केली आणि खाली उतरून मागचं दार पाठीशी घेऊन उभा राहिला.

भरमा पोचला तो धावतच. काही विचारलं नाही, सवरलं नाही, साईराजची कॉलर धरून त्याला ओढलं. शर्टाची शिवण उसवली, ओढाओढीत ओठ फुटला. डेअरीवरची माणसं मध्ये पडली, दोघांनी भरमाला मागून धरलं. त्यांच्या हातातून सुटून तो मागच्या काचेपाशी गेला.

"दिव्या, मी हाय गं. भरमामामा. उतर खाली, भिऊ नकोस."

काचेपलीकडून दिव्यानं त्याच्याकडे पाहिलं. तिनं त्याला ओळखलं. भरमाची खात्री आहे की ओळखलं, कारण तिचे ओठ हलले. पण तिनं काच खाली केली नाही. फोन कानाला लावून ती सीटच्या दुसऱ्या टोकाला सरकली. भरमानं पुन्हा काच वाजवली. तिनं मान हलवली, नको म्हणून. नऊ वर्षं जी पोर त्याच्या गाडीत निवांत झोपायची, ती त्याच्यापासून जितकं लांब सरकता येईल तितकं सरकून बसली होती.

तो तिथंच रस्त्यावर खाली बसला.

पोलिसांची गाडी वीसेक मिनिटांत आली. हवालदारानं कन्नडमध्ये सगळ्यांची नावं विचारली, लायसन्स बघितली. तेव्हा कुठं दिव्या खाली उतरली. हा माणूस कोण, असं हवालदारानं विचारल्यावर ती म्हणाली, ओळखीचे आहेत, लहानपणी मला निपाणीला न्यायचे. हवालदारानं भरमाला विचारलं, मग पाठलाग कशाला केलास? साईराजच म्हणाला की मलाही तेच कळंना, मी यांचं काय केलं?

दिव्यानं मग खालमानेनं साईराजला सांगितलं की यांनी आईला तुमच्याबद्दल काय सांगितलं होतं. साईराजनं ओठावरचं रक्त बाहीनं पुसलं.

"कारखान्यानं एका दिवसात आमचं चाळीस माणसाचं कंत्राट बंद केलं," तो भरमाला म्हणाला. "त्यात मी एक. माझी आई अजून रडती त्यावरनं. तुमचं माझं काय वैर हाय, आण्णा?"

एवढ्या माणसांत भरमा म्हणाला, "मी खोटं बोललो. ह्यानं काय केल्यालं न्हाय."

तक्रार द्यायची का, असं हवालदारानं दोघांनाही विचारलं. साईराज नको म्हणाला. पोलिसांत नाव गेलं की अ‍ॅपवाले आधी माझीच गाडी बंद करतील, ही त्याची भीती. दिव्यानं थोडा विचार केला आणि लिहून घ्या म्हणाली. पुन्हा पाठलाग करणार नाही, असं भरमाकडून लिहून घेतलं गेलं. त्यानं सही केली. निघताना दिव्या त्याच्याजवळ आली.

"मामा, तुम्ही आहात हे मला कळलं होतं. तरी काच उघडायला हात उठला नाही. मला तुमचीच भीती वाटली."

मग ती म्हातारीच्या घरी कवळी द्यायला चालत गेली आणि साईराज गाडीला टेकून तिची वाट बघत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी भरमा शहापुरात माफी मागायला गेला. त्रिशलाबाईंनी त्याला आत घेतलं. चहा दिला नाही. आदल्या दुपारी फोनवर तो निरोप आल्यापासून दिव्याचा आवाज कानावर पडेपर्यंतची पाऊण घटका त्यांनी कशी काढली, ते त्यांनी सांगितलं. भरमा मान खाली घालून ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, आक्का, नऊ वर्षं तुम्ही डोळं झाकून माझ्यावर इस्वास टाकलासा, आणि मी ह्ये केलं.

बाई म्हणाल्या, "डोळे झाकून नव्हे हो. शनिवारी दुपारी मला पेपर तपासता यायचे नाहीत. साडेअकरापासून यजमानांचा 'पोचली' म्हणून फोन येईपर्यंत मी घास घ्यायची नाही. तुम्हाला फोन लावला तर तुम्ही उचलायचा नाहीत."

"मग कधी विचारलं का न्हाईसा मला?"

"काय विचारणार? तुम्हाला राग आला असता. आणि पोरगी तर तुमच्याच गाडीत."

भरमा मला म्हणाला की पोलिसांपुढं सही करताना वाटलं नाही ते त्याला इथं वाटलं. ज्या गोष्टीवर तो इतकी वर्षं ताठ मानेनं चालला ती गोष्ट कधी नव्हतीच. तो कधी वाईट वागला नाही, हे बाईंनाही मान्य होतं. पण ते त्या आज सांगू शकत होत्या, नऊ वर्षं उलटून गेल्यावर. तेव्हा दर शनिवारी दुपारी त्यांना ते कळायला काहीच मार्ग नव्हता, आणि त्यानं तो कधी ठेवलाही नव्हता.

महिन्याभरानं तो नंदगडला जाऊन आला. साईराजच्या आईनं पाणी दिलं. साईराज बोलला थोडंच. झालं ते झालं म्हणाला, पण बसा म्हणाला नाही. भरमा उभ्यानंच पाणी पिऊन निघाला.

भरमानं अ‍ॅप घेतलेलं नाही. मष्णू अजून मागं लागतो. पण एक केलं. परवा एक बाई आपल्या कॉलेजच्या मुलीला एकटीला खानापूरला पाठवायला स्टँडवर आल्या. भरमानं त्यांचा फोन नंबर मागून घेतला आणि वाटेत दोन ठिकाणी गाडी कडेला थांबवून त्यांना पोरीशी बोलायला दिलं. बाई म्हणत होत्या, कशाला, तुम्ही वयस्कर, घरच्यासारखे. भरमा म्हणाला, आई, घरच्यासारखा हाय का न्हाय ह्ये तुम्हाला पोरगी पोचल्यावर कळणार. तवर माझ्यावर डोळा ठेवा.

दिव्या अजून मंगळवार-शुक्रवार निपाणीला जाते, कधी साईराजच्या गाडीतून, कधी दुसऱ्या कुणाच्या. शहापुरात दिसली तर थांबते, मामा बरे आहात का म्हणून विचारते. तांबड्या गाडीत ती कधी बसलेली नाही आणि भरमानं तिला कधी विचारलेलंही नाही.

मी त्याला एकदा विचारलं, आता तरी मन निवलं का? तो कट्ट्यावर बसला होता. हायवेकडे बघत म्हणाला, "कशाचं गुरुजी. राखाडी गाडी दिसली की अजून जळतंय. आता आपलं गप बसून जळतो."